टिपरू धरलेला हात दर तिसऱ्या सरावाला का विझतो?

भाच्याच्या ढोलपथकासाठी दिव्यांची जॅकेटं करायला घेतली तेव्हा वाटलं होतं, डोकेदुखी बॅटरीची असणार. बॅटरीचा एक किस्सा झालाच, तो पुढे सांगतो. पण खरी विझायची ती बाही, आणि तीही उजवी, म्हणजे ढोलाची काठी, टिपरू, धरायच्या हाताची. पहिल्या सरावाला झक्क, दुसऱ्याला झक्क, तिसऱ्याला मधेच लुकलुक आणि मग ठार अंधार. धागा उसवून नवा घातला की पुन्हा दोन सराव सुखाचे. असं चार वेळा झालं.

भाचा म्हणाला, "मामा, धागाच फालतू आलाय."

मलाही तेच वाटलं. म्हणून दुसऱ्या कंपनीचं रीळ मागवलं, मग तिसऱ्या. रोग तोच. कपड्यात वाहक (वीज नेणारा) धागा शिवणाऱ्या बऱ्याच जणांचं गाडं इथेच अडकतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. आधीच सांगून टाकतो: माझा धागा चारही वेळा ठणठणीत होता. मरत होता तो जोड.

आधी बाहीत काय आहे ते. एका बाहीला सहा भगवे एलईडी, प्रत्येकाला ३३० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे दर दिव्याला साधारण ५ मिलिअँपिअर. खांद्यापासून कोपरापर्यंत आणि कोपराखाली चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा. कोपरावर जॅकेटला रिबची पट्टी लावलीय, कारण नुसत्या कापडात हात वाकत नाही. त्या पट्टीवरून जाणारा धागा ताणणारा आहे: मधे स्पॅन्डेक्स (रबरासारखा ताणणारा कृत्रिम धागा) आणि त्याभोवती चांदीच्या मुलाम्याचा धागा पिळासारखा गुंडाळलेला. जाऊन-येऊन एका बाहीची वायर ४६ ओहम भरते. ३० मिलिअँपिअरला त्यात सुमारे १.४ व्होल्ट जातात, ५ व्होल्टमध्ये हे चालून जातं. पूर्ण उजेडात ६० मिलिअँपिअरपर्यंत खाणारे रंगीत पिक्सेल या धाग्यावर सहा-आठ लावाल तर पहिले दोन पेटतील आणि बाकीचे लाल पडून रुसतील. तो प्रयोग आमचा करून झालाय.

त्या पिळाविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण सगळी गंमत तिथे आहे. सरळ धातूची तार किंवा वाहक रबर ताणलं की ते लांबतं आणि बारीकही होतं. आकारमान तेवढंच राहतं असं धरलं तर रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, लांबीच्या वर्गाने वाढतो. दुप्पट ताणलं तर चौपट. पिळात तसं होत नाही. जुन्या लँडलाइनच्या रिसिव्हरची गुंडाळी वायर आठवा: ओढली तरी आतलं तांबं ताणलं जात नाही, वेटोळी उघडतात इतकंच. आमचा २० सेंमीचा तुकडा सैल असताना १४ ओहम आणि २७ सेंमीपर्यंत ताणल्यावर १५-१६. सरळ तार असती तर तोच आकडा २५ च्या पुढे गेला असता.

आपल्या नाशिककरांना हे नवीन वाटू नये. येवल्याच्या पैठणीतली अस्सल जर म्हणजे रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळलेली चांदीची चपटी तारच. आईच्या पैठणीच्या पदरावर मी मल्टिमीटर टेकवला होता (ती घरात नसताना), टीं वाजलं. प्लास्टिक जरीवर सहसा वाजत नाही. मात्र जरीचा गाभा रेशमाचा, त्याला ताण नाही, त्यामुळे जर बाहीत घालायच्या फंदात पडू नका. पैठणीत तर बिलकुल नको.

आधी दोन फसवे दोष

पहिला तो बॅटरीचा किस्सा. दोन्ही बाह्या मिळून ६० मिलिअँपिअर. पॉवरबँकला वाटतं फोन भरून झाला, आणि ती आपली आपण बंद होते. अर्ध्या मिनिटाने सगळं जॅकेट विझतं, बटण दाबलं की पुन्हा येतं. आम्ही पहिल्या दिवशी याच्यापायी एक अख्खी बाही उसवली. दोन्ही बाह्या एकाच क्षणी जात असतील तर धाग्याकडे बघूच नका. कमी करंटवर चालू राहणारी पॉवरबँक घ्या किंवा सरळ तीन पेन्सिल सेल लावा. आम्ही सेल लावले, उजेड किंचित कमी पडतो, चालतं.

दुसरी फसगत मल्टिमीटरच्या टीं आवाजाची. बऱ्याच मीटरांचा टीं साधारण ३० ते ५० ओहमच्या खालीच वाजतो. आमची चांगली बाहीच ४६ ची. म्हणजे धडधाकट वायर मुकी, आणि मी "तुटली, तुटली" करत बसलोय. ओहमवर लावूनच मोजा. त्यातही अडचण आहेच: आकडा बदलायला मीटर वेळ घेतो आणि आपला दोष पापणी लवेपर्यंतच टिकतो. टेबलावर पसरलेली बाही मीटरवर नेहमी चांगलीच दिसते. माणसाच्या हातात चढली की बिघडते.

यावर जुन्या रेडिओ मेकॅनिकची युक्ती लागू पडली. दीड व्होल्टचा एक सेल, एक ३३० ओहमचा रेझिस्टर, टाकून दिलेला इअरफोन आणि बाहीतली एक वायर, सगळं एका ओळीत जोडायचं. इअरफोन कानात खुपसायचा नाही, कानापासून जरा लांब धरायचा. मग भाच्याला जॅकेट घालून रिकाम्या हाताने ढोल वाजवल्यासारखं करायला सांगितलं. जोड सुटला-लागला की इअरफोनमध्ये खर्रर्र होतं. मीटरला जे महिनाभर दिसलं नव्हतं ते दहा सेकंदांत ऐकू आलं. नंतर एका हाताने कापड जागोजाग चिमटीत धरत गेलो. रिबच्या पट्टीच्या मधोमध, जिथे सगळ्यात जास्त ताण, तिथे धरलं तरी खर्रर्र चालूच. दंडाकडच्या टिचबटणापाशी, म्हणजे जिथे ताणणारा धागा साध्या धाग्याला जोडलाय तिथे धरलं आणि आवाज बंद.

टिचबटणापासून तीन मिलिमीटरवर

तिथे मी काय केलं होतं बघा. ताणणारा धागा टिचबटणाच्या भोकांतून चार वेळा ओवला, गाठ मारली आणि गाठ सुटू नये म्हणून वर चटकन सुकणाऱ्या गोंदाचा, फेविक्विकचा थेंब. आपल्याकडे चपलेपासून चष्म्यापर्यंत सगळ्याला हेच औषध. पण तो गोंद पाण्यासारखा पातळ असतो, धाग्यातून पुढे झिरपत जातो. माझ्या गाठीपासून तीन मिलिमीटरपर्यंत धागा काडीसारखा कडक झाला होता. कडक भाग संपतो आणि मऊ भाग सुरू होतो ती रेघ म्हणजेच दुमडायची जागा. हात वाकला की सगळा ताण त्या एका रेघेवर. मिनिटाला शंभर ठोके धरले तरी तासाभरात सहा हजार वेळा. भिंगाखाली धरल्यावर दिसलं: पिळातल्या बारीक तंतूंपैकी निम्मे तुटलेले, उरलेल्यांचा मुलामा भेगाळून आतलं नायलॉन दिसतंय. पाच-सहा तंतू अजून टेकतायत, म्हणून बाही सरळ धरली की दिवा लागतो. वाकवली की गेला.

डावी बाही का टिकायची, तेही मग कळलं. डावा हात थापेचा, तो एवढा वाकत नाही.

बरं, गोंदाच्या जागी डाख दिला असता तर? नायलॉन ६ साधारण २२० अंशांना वितळतं, नायलॉन ६६ सुमारे २६० ला. सोल्डरिंग गनचं टोक तीनशेच्या वर असतं. चांदीवर डाख सुरेख बसतो, पण खालचं नायलॉन आटून जातं आणि उरते ती पोकळ पापडी. स्टीलच्या धाग्याचं उलटं आहे, तो वितळत नाही, पण साध्या रोझिनच्या सोल्डरला दादच देत नाही. तेव्हा डाख फक्त धातूला धातू. धाग्याला शिवण किंवा चिमटा.

आता जोड कसा करतो ते सांगतो. ही पद्धत निम्मी माझी आणि निम्मी आमच्या कॉलनीतल्या शिवणवाल्या मावशींची. मी त्यांच्याकडे गेलो ते पिको-फॉलच्या मशीनसाठी. त्यांनी बाही उलटी करून बघितली आणि म्हणाल्या, "भाऊ, बटण ताणाच्या कापडावर लावतं का कुणी? खाली कॅनव्हास घाला की."

कॉलरमध्ये घालतात तो कॅनव्हास. मी सर्किट बघत होतो, त्या कापड बघत होत्या.

टिचबटण आता रिबपासून चार बोटं वर, दंडाच्या न ताणणाऱ्या कापडावर बसतं. त्याच्या खाली कॅनव्हासचा तुकडा, आणि तो बटणापुरता न कापता रिबच्या दिशेने निमुळता कापलेला. मावशींनी पानासारखा कापला. टोकाला कॅनव्हास अरुंद होत जातो, म्हणून कापड एकदम ताणायला लागत नाही, हळूहळू लागतं. ताणणारा धागा त्या कॅनव्हासवरच दोन-तीन नागमोडी वळणं घेतो आणि मग रिबवर उतरतो. ती वळणं म्हणजे राखीव लांबी. ओढ बसली की आधी वळणं सरळ होतील, गाठीपर्यंत काही पोचणार नाही. बटणाच्या प्रत्येक भोकातून धागा पाच-सहा वेळा घट्ट ओवायचा, कारण इथे वीज जाते ती नुसत्या दाबाने. टोक दुहेरी दुमडून दागिन्यांच्या दुकानात मिळणाऱ्या चिमटायच्या मण्यात घालायचं आणि पकडीने दाबायचं. गोंद लावायचाच असेल तर सुकल्यावर रबरासारखा राहणारा कापडाचा गोंद, तोही मण्यावरच, थेंबभर.

रिबवरचा धागा कापडात शिवायचा नाही. तो वर नुसता ठेवायचा आणि साध्या पॉलिस्टरच्या दोऱ्याने त्यावरून झिगझॅग मारायचा, म्हणजे धागा त्या टाक्यांच्या बोगद्यात सरकता राहतो. सुई त्याच धाग्यातून गेली तर स्पॅन्डेक्सच कापला जातो. सुई गोल टोकाची, होजिअरीला वापरतात ती. शिवताना धागा ओढून धरू नका. इथे मोह होतो, कारण सैल धागा वेडावाकडा दिसतो.

किती ताण पडणार ते अंदाजाने ठरवू नका. हात सरळ ठेवून कोपरावर पेनाने १० सेंमीवर दोन खुणा करा, हात पूर्ण वाकवा, टेपने पुन्हा मोजा. भाच्याचे १३.५ भरले. म्हणजे ३५ टक्के. हा आकडा हाताशी असला की ताणणारा महाग धागा लागतोच का, हेही ठरवता येतं. साधा चांदीचा धागा ४५ अंशांच्या झिगझॅगमध्ये घातला तर १० सेंमी कापडात १४ सेंमी धागा बसतो. १३.५ ला जेमतेम पुरतो. दोन जॅकेटांना आम्ही तसंच केलं: चांदीचा धागा बॉबिनमध्ये, वर पॉलिस्टर, पिकोचं मशीन. वरच्या सुईत चांदीचा धागा घातला तर ताणाच्या चकत्यांमधून जाताना मुलामा खरवडला जातो, म्हणून खाली. जेमतेम आहे हे मात्र लक्षात ठेवा. लहान मुलाच्या कोपराला चालेल, पैलवानाच्या नाही.

आणि नवा तुकडा लावण्याआधी वीसेक वेळा हाताने ताणून सोडा. पहिल्या काही ताणांत पिळाची वेटोळी आपापली जागा घेतात, आकडा इकडे-तिकडे होतो. नंतर स्थिरावतो. काळ्या वाहक रबराची दोरी वापरणाऱ्यांना तर हे करावंच लागतं. शिवाय ती दोरी ताणून धरून ठेवली तरी रोध आपसूक सरकत राहतो. दिव्यासाठी ती निरुपयोगी. ताण मोजायच्या सेन्सरला ठीक.

वाकल्यावर जात नाही, दिवसेंदिवस मंद होतोय?

मग गोष्ट वेगळी. तिथे जोड सोडा, रंग बघा.

आमचं पहिलं रीळ मी निफाड तालुक्यात मामाकडे विसरलो होतो. द्राक्षाची बाग, भुरी रोगासाठी आणलेल्या गंधकाच्या पिशव्या ज्या खोलीत, त्याच खोलीच्या फळीवर. परत आणलं तेव्हा वरचा थर तपकिरी-काळा. गंधकाची वाफ चांदीला काळी करते, सिल्व्हर सल्फाइड होतं. हे कुठल्याही सराफाला माहीत असतं, मला उशिरा सुचलं. भांडं काळं पडलं तर घासून चकाकतं, कारण चांदीच्या वाटीला जाडी असते. धाग्यावरचा मुलामा बहुधा एका मायक्रॉनहूनही पातळ. टूथपेस्ट, राख, चिंच काहीही लावून घासाल तर काळं जाईल आणि सोबत चांदीही.

रीळ हवाबंद पिशवीत ठेवायला लागलो. तरी तीन जॅकेटांत काळी रेघ यायचीच, आणि फक्त मनगटाच्या इलॅस्टिकपाशी. बरेच दिवस घामाला दोष दिला. मग लक्षात आलं की हे इलॅस्टिक मेन रोडवरून घेतलेलं स्वस्तातलं, आत रबराचे दोरे. रबर टिकाऊ करतात तेच मुळी गंधक घालून. म्हणजे मी हौसेने गंधक चांदीला चिकटवून शिवत होतो. खात्री करायला एका बंद बरणीत धाग्याचा तुकडा रबरबँडवर गुंडाळून ठेवला, दुसऱ्या बरणीत स्पॅन्डेक्सच्या पट्टीवर. रबराच्या बरणीतला आधी काळवंडला. इलॅस्टिक घेताना एक दोरा काढून जाळून बघा. टायर जळल्याचा वास आला तर ते रबर. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.

काळेपणाने धाग्याच्या लांबीचा रोध लगेच फारसा वाढत नाही. आधी बिघडतात ते दाबाचे जोड, म्हणजे पुन्हा टिचबटण. म्हणून दिवे बटणापुढचे सगळे एकदम मंद होतात. एकच दिवा मंद असेल तर त्या दिव्याचा टाका बघा.

घाम आणि धुणं

सराव सुरू होऊन अर्धा तास झाला की काहीतरी विचित्र होतं, सकाळी सगळं ठीक: हा घाम. खारट पाणी प्लस आणि मायनसच्या रेघांमध्ये पूल बांधतं. दिव्यांना त्याचं फारसं काही वाटत नाही, पण बाहीत स्पर्शाचं बटण असेल तर ते आपोआप दाबलं जातं. ओल असताना डीसी व्होल्टेज लावून ठेवलं तर चांदी एका रेघेकडून दुसरीकडे सरकते आणि केसासारखे बारीक कोंब फुटून शॉर्ट होतं. या खोडीत चांदी सगळ्या धातूंच्या पुढे. आम्ही प्लस बाहीच्या बाहेरच्या बाजूला आणि मायनस आतल्या बाजूला नेला, मधे सहा-सात सेंमी अंतर. तेव्हापासून त्रास नाही. सराव संपला की सेल काढायचे, हे पोरांना रोज सांगावं लागतं.

धुताना सेल आणि बोर्ड बाहेर, थंड पाणी, सौम्य साबण. ब्लीच अजिबात नको. सॉफ्टनर नको, त्याचा थर बटणांवर बसतो. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, सावलीत आडवं वाळवायचं. एक जॅकेट एका घरी दगडावर धोपटलं गेलं. त्याबद्दल काय लिहू.

भाच्याने मधे एक व्हिडिओ पाठवला, द्रव धातूच्या धाग्याचा. "मामा, हे आणू या." गोष्ट खरी आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात २०१३ मध्ये लवचीक पोकळ धाग्यात गॅलिअम आणि इंडिअमचा द्रव मिश्रधातू भरून मूळ लांबीच्या आठपट ताणून दाखवला होता. २०१५ मध्ये टेक्सस विद्यापीठाच्या डॅलसमधल्या लोकांनी ताणलेल्या रबराच्या गाभ्यावर कार्बन नॅनोट्यूबचे पापुद्रे गुंडाळून सुरकुत्यांचा धागा केला, तो चौदापट ताणला. सुरकुत्या म्हणजे आपल्या पिळाचंच बारीक रूप. पण आपल्याला हवाय १.३५ पट. शिवाय द्रव धातूची नळी टोकाला बंद करून तिच्यात तार खुपसावी लागते, तिथून ती गळू शकते, आणि गॅलिअमचा थेंब अॅल्युमिनिअमवर पडला तर अॅल्युमिनिअम भुसभुशीत करून टाकतो. जोडाचं दुखणं तिथेही आहेच, उलट ओलं झालंय.

सध्याची स्थिती अशी: बारापैकी नऊ जॅकेटांच्या उजव्या बाह्या पानाच्या कॅनव्हासवर आल्यात आणि अठरा सराव झाले, इअरफोन गप्प आहे. उरलेल्या तिनांत मनगटाचं इलॅस्टिक बदलायचंय. भाच्याच्या स्वतःच्या जॅकेटचा डावा जोड मी मुद्दाम जुन्या पद्धतीचाच ठेवलाय, गोंदासकट. थापेच्या हाताला तो किती सराव पुरतो ते मोजतोय. आज बाविसावा.